सौरवारा बदलला की चुंबकावरणाची सीमा कुठे सरकते? उपग्रहांच्या नोंदी वाचण्याची पद्धत

आलेखात चुंबकीय क्षेत्र ६० नॅनोटेस्लावर शांत चालले आहे. मिनिटाभरात ते २० वर येते, थरथरू लागते, कणांची घनता वीसपट होते. नवशिक्याची पहिली नोंद ठरलेली असते: "उपग्रह चुंबकावरणातून बाहेर पडला." ही नोंद बहुतेक वेळा चुकीची असते. कक्षेच्या दूरच्या भागात उपग्रहाचा वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन किलोमीटर असतो, तर चुंबकावरणाची (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने सौरवाऱ्यात राखलेल्या पोकळीची) सीमा, म्हणजे मॅग्नेटोपॉज, सेकंदाला ३०, ५०, कधी १०० किलोमीटरने आतबाहेर होते. उपग्रह जवळपास उभाच असतो आणि सीमा त्याच्यावरून निघून जाते. हे एकदा मनात बसले की प्रत्येक उडीला दोन प्रश्न विचारायची सवय लागते: त्या क्षणी उपग्रह कुठे होता, आणि सीमेला कुणी ढकलले? खालच्या पायऱ्या या दोन प्रश्नांसाठीच आहेत.

पायरी १: आधी जागा, मग आलेख

प्रसंग निवडताना चुंबकीय वादळ किती मोठे होते हे पाहून भुलू नका. त्या वेळी तुमचा उपग्रह दिवसाच्या बाजूला होता का, हे आधी तपासा. दोन प्रसिद्ध वादळे शेजारी ठेवली की हे लगेच पटते.

१७ मार्च २०१५ च्या वादळात सौरवाऱ्यातला धक्का, म्हणजे दाबाची अचानक उडी, पृथ्वीवर पोचला ०४:४५ वाजता. (या लेखातल्या सगळ्या वेळा जागतिक वेळेत आहेत. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा.) पश्चिम रेखांश ७५ अंशांवर असलेल्या गोज मालिकेतल्या भूस्थिर उपग्रहाची स्थानिक वेळ तेव्हा होती २३:४५, म्हणजे ऐन मध्यरात्र. दुपारच्या बाजूची सीमा धक्क्याने कितीही आत आली असती तरी त्याला ती दिसणे शक्य नव्हते. १० मे २०२४ चा धक्का आला १७:०५ ला. तेव्हा ७५.२ अंशांवरच्या गोज-१६ ची स्थानिक वेळ १२:०४ होती. सूर्य आणि पृथ्वीला जोडणाऱ्या रेषेवर, अगदी नाकासमोर! (नाक म्हणजे चुंबकावरणाचे सूर्याकडचे टोक.) त्याच क्षणी १३७ अंशांवरचा गोज-१८ सकाळच्या आठच्या सुमारास होता. त्यामुळे एकाच धक्क्याची दोन वेगळी रूपे मिळतात.

हिशेब सोपा आहे. रेखांशाला १५ ने भागा आणि येणारे तास पश्चिमेसाठी जागतिक वेळेतून वजा करा, पूर्वेसाठी मिळवा. भूस्थिर नसलेल्या उपग्रहांसाठी नासाच्या एसएससीवेब सेवेतून स्थान घ्या.

उपग्रह निवडताना एवढे लक्षात असू द्या. थेमिसचे पाच उपग्रह २००७ मध्ये सोडले. त्यातले दोन पुढे चंद्राकडे नेले. उरलेले तीन सुमारे १२ पृथ्वी-त्रिज्यांपर्यंत जाणाऱ्या कक्षेत असून जवळपास दिवसाला एक फेरी मारतात. सुरुवातीला हेच घ्या. त्यांच्या कक्षेचे दूरचे टोक वर्षातले काही महिनेच सूर्याकडे असते, तेवढे बघून तारीख निवडा. एमएमएसचे चार उपग्रह (२०१५ पासून) फार बारीक वेळेचे मोजमाप करतात, पण पहिल्या सरावाला त्यांचा विदासाठा जड जातो. क्लस्टरच्या २००० ते २०२४ च्या नोंदी ध्रुवीय भागांसाठी उत्तम. गोजचे उपग्रह ६.६ त्रिज्यांवरच फिरतात, त्यामुळे त्यांना सीमा दिसते ती फक्त जबर दाब असताना.

पायरी २: सौरवाऱ्याचा दाब काढणे

सौरवारा मोजणारे उपग्रह एल१ बिंदूपाशी, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर सूर्याकडे आहेत: विंड, एस (ACE), आणि ६ जानेवारी २०२४ पासून आपला आदित्य-एल१. नवशिक्याने नासाचा ओम्नी हा दर मिनिटाच्या नोंदींचा संच घ्यावा. त्यात एल१ वरची नोंद बो शॉकच्या (चुंबकावरणापुढे सौरवारा जिथे अचानक मंदावतो त्या आघात-पृष्ठाच्या) नाकापर्यंत पुढे सरकवून दिलेली असते. आदित्यच्या मॅग्नेटोमीटरची आणि कण मोजणाऱ्या अ‍ॅस्पेक्सची नोंद इस्रोच्या प्रदान पोर्टलवर मिळते. ती वापरलीत तर वेळ तुम्हालाच सरकवावी लागेल, हे विसरू नका.

दाबाचे सूत्र:

दाब (नॅनोपास्कल) = ०.०००००२ × घनता (प्रति घन सेंमी) × वेग × वेग (किमी प्रति सेकंद)

घनता ५ आणि वेग ४०० असेल तर १.६ नॅनोपास्कल. हा अगदी रोजचा दाब. सूत्रातल्या २ मध्ये हेलियमचा वाटा धरलेला आहे. फक्त प्रोटॉन धरले तर तिथे १.६७ येते. दोन संचांची तुलना करताना दोन्हींत एकच गुणक आहे ना, ते पाहा.

इथली सगळ्यात महागात पडणारी चूक रिकाम्या जागांची आहे. ओम्नीत नोंद नसेल तिथे ९९९.९९ किंवा ९९९९.९९ असे भरणीचे आकडे असतात. घनतेतला ९९९.९९ गाळायचा राहिला आणि वेग ४०० असला, तर दाब ३२० नॅनोपास्कल निघतो आणि पुढच्या पायरीतले सूत्र काहीही तक्रार न करता सीमा सुमारे पावणेपाच त्रिज्यांवर आणून ठेवते. आलेखात ते एखाद्या थरारक वादळासारखे दिसते. म्हणून आकडेमोडीच्या आधी प्रत्येक स्तंभाची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान किंमत छापून बघाच.

दुसरा खड्डा मोठ्या वादळांत असतो. सूर्याकडून आलेले वेगवान प्रोटॉन उपकरणात घुसतात आणि सौरवाऱ्याची घनता-वेगाची नोंद बिघडते. ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३ च्या वादळांत एसच्या प्लाझ्मा उपकरणाचे हेच झाले. चुंबकीय नोंद मात्र अशा वेळीही चांगली राहते. म्हणून दाब संशयास्पद वाटला तर दुसऱ्या उपग्रहाची घनता ताडून पाहा.

चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक, बीझेड, जीएसएम या अक्षपद्धतीतलाच घ्या. जीएसई ही दुसरी अक्षपद्धत. दोन्हींचा एक्स अक्ष एकच, सूर्याकडे जाणारा. पण जीएसएममध्ये पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाचा कल धरलेला असतो आणि दोघांमध्ये ३० अंशांहून जास्त फरक पडू शकतो. पूर्व-पश्चिम घटक १० नॅनोटेस्ला असेल तर एवढ्या फरकाने बीझेड ५ नॅनोटेस्लाने बदलतो. उत्तरेचा दक्षिण होतो आणि सगळे स्पष्टीकरण उलटे पडते.

पायरी ३: सीमा कुठे असायला हवी

श्यू आणि सहकाऱ्यांचे १९९८ चे सूत्र यासाठी पुरेसे आहे. नाकापाशी सीमेचे अंतर, पृथ्वी-त्रिज्यांमध्ये (एक त्रिज्या म्हणजे ६,३७१ किलोमीटर):

अंतर = [१०.२२ + १.२९ × टॅनएच(०.१८४ × (बीझेड + ८.१४))] × दाब^(−१/६.६)

टॅनएच म्हणजे हायपरबोलिक टॅन्जंट हे फलन. बाजूला सरकल्यावर, सूर्यरेषेपासून कोन थीटा असताना, हे अंतर [२ ÷ (१ + कॉस थीटा)] च्या अल्फा घाताने वाढते. अल्फा = (०.५८ − ०.००७ × बीझेड) × (१ + ०.०२४ × दाबाचा नैसर्गिक लॉग).

सूत्र संगणकावर चढवण्याआधी हाताने चार आकडे काढा. पुढे आज्ञावली चुकली तर हेच आकडे ती चूक पकडतात.

दाब १.६, बीझेड शून्य: १०.६ त्रिज्या.
दाब ६.४, बीझेड शून्य: ८.६ त्रिज्या.
दाब १.६, बीझेड उणे १०: ९.१ त्रिज्या.
दाब २०, बीझेड उणे १५: ५.८ त्रिज्या.

या चार ओळींत बरेच काही आहे. दाब चौपट झाला तरी सीमा दोनच त्रिज्या आत येते, कारण आत जाल तसे पृथ्वीचे क्षेत्र झपाट्याने वाढते. तिसरी ओळ नवख्यांना चकवते. दाब तोच असताना नुसते बीझेड दक्षिणेकडे वळले तरी सीमा दीड त्रिज्या आत येते. दक्षिणमुखी क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्ररेषांशी जोडले जाते आणि दिवसाच्या बाजूचे चुंबकीय क्षेत्र सोलून रात्रीच्या शेपटीकडे नेते. म्हणून फक्त दाबाचा आलेख समोर ठेवून सीमा का हलली हे कधीच सांगता येत नाही. चौथ्या ओळीत सीमा भूस्थिर कक्षेच्या आत आहे.

पाऊण-एक त्रिज्येची चूक या सूत्रात गृहीतच धरा. ज्या नोंदींवर ते बेतले त्यांतल्या बहुतेक मध्यम दाबाच्या होत्या, त्यामुळे टोकाच्या प्रसंगी चूक आणखी वाढते. शिवाय पृथ्वी स्वतः सेकंदाला ३० किलोमीटरने सूर्याभोवती फिरते, म्हणून ४०० च्या सौरवाऱ्यात संपूर्ण आकार सुमारे ४ अंशांनी वळलेला असतो. नाकापाशी हे सोडून दिले तरी चालते, बाजूंना नाही.

पायरी ४: वेळ जुळवणे

एल१ पासून ४०० च्या वेगाने यायला सुमारे ६२ मिनिटे लागतात, ८०० ने ३१. ओम्नीने सरकवलेली वेळ चांगली असते, पण कितीतरी वेळा पाच-दहा मिनिटे हुकते, कारण धक्क्याची आघाडी तिरकी असू शकते. संचातच वेळ किती सेकंद सरकवली आणि ती किती डळमळीत आहे याचे स्तंभ आहेत. ते बहुतेक जण उघडतच नाहीत. बो शॉकपासून सीमेपर्यंतची आणखी दोन ते पाच मिनिटे वेगळी मिळवा.

या हिशेबाला एक स्वतंत्र घड्याळ हवे, आणि ते जमिनीवर आहे. धक्का सीमेवर आदळला की साधारण मिनिटाभरात जगभरच्या वेधशाळांत क्षेत्र एकदम उसळते. रायगड जिल्ह्यातली अलिबागची वेधशाळा, भारतीय भूचुंबकत्व संस्थेची, याकरिता फार उपयोगी आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या नोंदी १९०४ च्या सुमारास तिथे हलवल्या, आणि तेव्हापासून ही साखळी तुटलेली नाही. कुलाब्यालाच १८५९ च्या सप्टेंबरातल्या महावादळात क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद आहे. अलिबागच्या एक मिनिटाच्या आलेखातला आडवा घटक घ्या, उसळीचा क्षण वाचा, आणि ओम्नीतली दाबाची उडी त्याच्या एक-दोन मिनिटे आधी येईल इतकी सरकवा. किती सरकवली ते लिहून ठेवा. १० मे २०२४ ची उसळी भारतीय घड्याळात रात्री १०:३५ ची. स्वतःच्या टिपणात भारतीय वेळ आणि विदासाठ्यात जागतिक वेळ, असा घोळ होऊ देऊ नका. साडेपाच तासांच्या चुकीने तारीखही बदलते.

पायरी ५: आलेखांची उतरंड मांडणे आणि वाचणे

नासाच्या सीडीएवेब संकेतस्थळावरून सीडीएफ प्रकारच्या फायली घ्या, किंवा पायथनमधल्या पायस्पेडासने थेट उतरवा. एकाच वेळ-अक्षावर वरून खाली असे मांडा: सौरवाऱ्याचा दाब, बीझेड, आयनांच्या ऊर्जेचा रंगपट, घनता, वेगाचे तीन घटक, चुंबकीय क्षेत्राचे तीन घटक आणि एकूण परिमाण. तळाशी उपग्रहाचे स्थान आणि त्या क्षणी श्यूच्या सूत्राने त्याच दिशेला दिलेले सीमेचे अंतर. ही शेवटची ओळ फार थोडे जण घालतात, पण सगळ्या वाचनाचा आधार तीच आहे.

थेमिससाठी सुरुवातीला तीन सेकंदांची नोंद पुरे. उपग्रह तेवढ्याच वेळात स्वतःभोवती एक गिरकी घेतो. तासाच्या सरासरीने हे काम करूच नये, सीमा तेवढ्या वेळात दहा वेळा येऊन जाते.

आता ओळख पटवायची. चुंबकावरणात असाल तर क्षेत्र उत्तरमुखी आणि शांत, घनता एकपेक्षा कमी, आयन काही हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे, म्हणजे रंगपटाच्या वरच्या भागात जाड पट्टा. मॅग्नेटोशीथमध्ये, म्हणजे सीमा आणि बो शॉक यांच्यामधल्या पट्ट्यात, घनता १० ते ४०, आयन काहीशे इलेक्ट्रॉनव्होल्टचे, क्षेत्र सतत थरथरणारे, आणि प्रवाह सूर्यापासून दूर. बो शॉकच्या पलीकडे उघड्या सौरवाऱ्यात क्षेत्र ५ नॅनोटेस्लाच्या आसपास आणि रंगपटात एकच बारीक रेघ. तिन्ही प्रदेश पहिल्याच दिवशी रंगपटावरून ओळखायला शिका. क्षेत्राच्या आलेखापेक्षा रंगपट कमी फसवतो.

मग दाबाचा ताळा करा. सीमेच्या आतल्या बाजूचा चुंबकीय दाब, नॅनोपास्कलमध्ये, क्षेत्राच्या वर्गाला ०.०००३९८ ने गुणून मिळतो. ६० नॅनोटेस्लाला तो येतो १.४३. बाहेरून नाकापाशी सौरवाऱ्याच्या दाबाचा सुमारे ०.८८ भाग पोचतो: १.६ × ०.८८ = १.४१. दोन आकडे असे जवळ आले की वेळ, उपग्रह आणि एकके तिन्ही बरोबर आहेत अशी खात्री धरा. दुपटीचा फरक असेल तर पुढे जाऊ नका, मागे जाऊन चूक शोधा. नाकापासून दूर असाल तर ताळा जुळणार नाही, कारण तिथे वारा तिरका लागतो.

पायरी ३ मधल्या पहिल्या दोन ओळी आता एकत्र वाचा. उपग्रह ९.५ त्रिज्यांवर आहे आणि दाब १.६ वरून ६.४ झाला. आधी काय दिसेल? क्षेत्र वाढेल! सीमा जवळ येताना आतले क्षेत्र दाबले जाते. सीमा उपग्रहावरून गेली की ते कोसळते. गोजवर हीच चाल आणखी ठळक दिसते. दुपारच्या बाजूला उत्तर घटक नेहमीच्या शंभराच्या आसपासवरून आधी वर चढतो आणि मग बाहेरचे क्षेत्र दक्षिणमुखी असेल तर थेट उणे होतो. भूस्थिर कक्षेत भरदुपारी उणे उत्तर घटक, तोही घनता वाढलेली असताना, ही सीमा आत आल्याची पक्की खूण. नुसती वाढ झाली तर सीमा जवळ आली, पण ओलांडली नाही, एवढेच म्हणा.

पुढची गडबड मोजण्यात होते. एका तासात सात वेळा आतबाहेर दिसले म्हणून सात सीमा नसतात. एकच सीमा झुलते आहे. बाजूंना, पहाटे-संध्याकाळच्या भागात, वारा सीमेवरून सरकत जाताना पाण्यावर उठाव्यात तशा लाटा उठतात आणि उपग्रह त्यांत आलटून पालटून भिजतो-सुकतो. क्षेत्राचा सीमेला लंब घटक आधी धन मग ऋण (किंवा उलट) होऊन परत जागेवर आला आणि क्षेत्राचे परिमाण मधोमध फुगले, तर ती चुंबकीय जोडणीतून सुटलेली नळी असू शकते. तिला ओलांडणे म्हणून नोंदवू नका.

घनतेबद्दल दोन इशारे. पृथ्वीजवळून आलेले थंड आयन इतक्या कमी ऊर्जेचे असतात की धन प्रभार असलेला उपग्रह त्यांना दूर लोटतो आणि उपकरण त्यांना मोजतच नाही. इलेक्ट्रॉनांची घनता आयनांपेक्षा बरीच जास्त दिसली तर हे कारण आधी तपासा. आणि प्रारणपट्ट्यांजवळ रंगपटात सगळ्या ऊर्जांवर एकसारखा रंग पसरला तर तो उपकरणात घुसलेल्या कणांचा गोंगाट आहे, तिथली घनता वापरू नका.

पायरी ६: वेग आणि जाडी

एका उपग्रहाने सीमेची दिशा काढायची तर किमान-बदल विश्लेषण: ओलांडण्याच्या आसपासच्या नोंदीत चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला सर्वांत कमी बदलते, ती सीमेला लंब. या विश्लेषणातून तीन आयगेन मूल्ये, म्हणजे तीन दिशांतल्या बदलाची मापे, निघतात. त्यांतल्या मधल्या आणि सर्वांत लहान मूल्यांचे गुणोत्तर १० च्या वर असेल तर निश्चिंत, ४ च्या खाली असेल तर तो निकाल टाकून द्या. खिडकी थोडी लहान-मोठी करून पाहा. दिशा पाच-दहा अंशांहून जास्त हलली तर गुणोत्तर कितीही चांगले असले तरी भरवसा नको.

चार उपग्रह असतील तर प्रत्येकाने सीमा कधी पाहिली यावरून दिशा आणि वेग दोन्ही मिळतात. इथे नोंदीचा वेग मोजूनच कामाला लागा. एमएमएसचे उपग्रह एकमेकांपासून सुमारे १० किलोमीटरवर असतील आणि सीमा ५० च्या वेगाने आली, तर त्यांच्यातला फरक ०.२ सेकंदांचा. सेकंदाला १६ नोंदींमध्ये तो तीनच ठिपक्यांत संपतो. सेकंदाला १२८ नोंदींची बर्स्ट फाइलच घ्यावी लागते. आयनांची नेहमीची साडेचार सेकंदांची नोंद इथे निरुपयोगी, बर्स्टमधली ०.१५ सेकंदांची चालते.

वेग मिळाला की जाडी सोपी. ओलांडायला १५ सेकंद, वेग ४० किलोमीटर: जाडी ६०० किलोमीटर. काहीशे ते हजार किलोमीटर असा आकडा यायला हवा. पन्नास हजार आला तर तुम्ही सीमा नव्हे, अख्खा मॅग्नेटोशीथ मोजला आहे.

सरावाचा क्रम

मे २०२४ ने सुरुवात करू नका. त्यात एकामागून एक प्रचंड उद्रेक आले आणि वादळाची खोली मोजणारा सिम-एच निर्देशांक उणे ५१८ नॅनोटेस्लापर्यंत गेला. तिथे प्रत्येक सूत्र आपल्या हद्दीबाहेर असते. आधी थेमिसचा एखादा साधा दिवस घ्या, दाब २ वरून ५ पर्यंत वाढलेला, बीझेड उत्तरमुखी. मग दाब स्थिर आणि बीझेड दक्षिणेकडे वळलेला दिवस. तिसरा, गोजवरचा मे २०२४.

चौथा सराव उलट्या टोकाचा: १० ते १२ मे १९९९. सौरवाऱ्याची घनता ०.२ पर्यंत घसरली होती. वेग ३५० आणि बीझेड शून्य धरून श्यूचे सूत्र लावा, उत्तर १८ त्रिज्या येईल, आणि बो शॉक तर चंद्राच्या कक्षेच्या जवळपासपर्यंत पसरला होता. इथे वादळाचा मागमूसही नाही. अलिबागचा आलेख शांत, दाब ०.०५ नॅनोपास्कल. घनतेत दोन दशांश स्थळांपर्यंतचे आकडे राखा, नाहीतर पूर्णांकात मांडताना ०.२ चे शून्य होते आणि सूत्र शून्याने भागाकार मागते.